दुखण्याचे शब्द

आमच्या आजीला तीन वर्षांपूर्वी पायांचा त्रास सुरू झाला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "आजी, पाय दुखतात ना?" आजी म्हणाली, "दुखत नाहीत हो. रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या चालतात." डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत 'पाय दुखणे' एवढेच लिहिले आणि गोळ्या दिल्या. गुण आला नाही. कित्येक महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिचे बोलणे नीट ऐकून घेतले आणि रक्तातली साखर तपासली. आजीला मधुमेह होता. तोवर पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, आणि ती तिला कळलीही नव्हती.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकातले मला काय कळणार? पण आजीचे दोन शब्द कागदावर येता येता गळले, एवढे कळले, आणि त्या कुतूहलाने थोडे वाचन केले.

ताप मोजता येतो, हाड मोडलेले क्ष-किरणांत दिसते. वेदना मात्र ज्याची त्यालाच ठाऊक. रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न शब्दांच्या बाजूने हाताळला. तरुणपणी अमेरिकेत ओरेगॉन येथे काम करीत असताना, पाय कापलेल्या एका वृद्धेला नसलेल्या पायात होणाऱ्या वेदनांचे वर्णन ते ऐकत. असे शब्द ते टिपून ठेवू लागले. १९७१ साली टॉर्गरसन यांच्याबरोबर त्यांनी १०२ शब्दांची वर्गवारी केली. त्यातून १९७५ साली 'मॅकगिल वेदना प्रश्नावली' तयार झाली: ७८ शब्द, २० गट. काही शब्द संवेदनेचे, काही मनाच्या अवस्थेचे, काही तीव्रतेचे. एखाद्या कोशकाराला शोभेल असेच हे काम!

शब्दांवरून रोगाचा माग कसा लागतो? मधुमेहात खुद्द मज्जातंतूंनाच इजा होते. मग आग होते, झिणझिण्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. शिवाय पाय बधिर होतो, म्हणून जखम कळत नाही. अशा वेदनेला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा दाद देत नाहीत. तिला मूळ नैराश्यावरची किंवा अपस्मारावरची म्हणून आलेली काही औषधे लागू पडतात. ही वेदना ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये २००५ साली दहा प्रश्नांची एक चाचणी तयार झाली. त्यातले सात प्रश्न रोग्याने तोंडाने सांगायच्या लक्षणांचे आहेत. तपासणीचे केवळ तीन.

आपल्या मराठीला तर या बाबतीत काहीच उणे नाही. दात ठणकतो, गळू ठसठसते, डोळ्यात सलते, कमरेत उसण भरते, भाजलेले चुरचुरते. पोटात येते ती कळ. ती लाटेसारखी येते आणि ओसरते, हे त्या शब्दातच आहे. हे सारे इंग्रजीतल्या एका शब्दात कोंबले की डॉक्टरांच्या हाती काय उरणार?

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्या टिपांत, रोगी वेदना होते म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखावा, असे स्पष्ट म्हटले आहे. बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते, हेही नोंदवले आहे. आपल्याकडे २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद हा रीतसर शिकवण्याचा भाग झाला. फार आधी व्हायला हवे होते, असे मला वाटते.

आजीची औषधे आता बदलली आहेत. डॉक्टर दर खेपेला आग आणि मुंग्या यांची वेगवेगळी चौकशी करतात. परवा ती म्हणाली, "आग निवली बरीच. मुंग्या आहेत अजून."