एका युनिटात काय काय होतं?

विजेचं बिल आलं की घराघरांत पहिला हुकूम सुटतो: दिवे बंद करा! सवय चांगली आहे, पण आजच्या घरात बिल फुगतं ते दिव्यांमुळे नव्हे. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा. तेवढाच उजेड आता 9 वॉटचा एलईडी देतो. खरा खर्च दोन गोष्टींत होतो. काहीतरी तापवण्यात आणि काहीतरी तासन्‌तास चालू ठेवण्यात.

वॉट सांगतो उपकरण वीज किती वेगाने ओढतं, आणि युनिट सांगतं एकूण किती ओढली. 1000 वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. त्यामुळे 3000 वॉटचा इन्स्टंट गीझर आकड्याने धडकी भरवतो, पण दहा मिनिटांत अर्धंच युनिट घेतो. उलट 10 वॉटचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला सात युनिटं होतात.

या एका युनिटात ताकद किती असते, याचा आपल्याला अंदाजच नसतो. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. त्यात 1000 लिटर पाणी सुमारे 367 मीटर उंच चढवता येईल. पंपात निम्मी शक्ती वाया गेली असं धरलं, तरी साठ मजल्यांची इमारत गाठता येते. आता तेच युनिट पाणी तापवायला वापरा. 25 अंशांचं पाणी 55 अंशांवर न्यायचं असेल, तर जेमतेम 28 लिटर तापतं. दीड-दोन बादल्या! एक लिटर पाणी फक्त एक अंशाने तापवायला सुमारे 4200 ज्यूल लागतात, आणि या हिशेबात गीझरच्या कंपनीला काडीचाही बदल करता येत नाही. गच्चीवर ऊन असेल तिथे सौर बंब लावावा, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

एसीचं गणित थोडं वेगळं. तो थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आत-बाहेरचा फरक जितका मोठा, तितके त्याचे कष्ट जास्त. जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी मुळातच 24 अंशांवर लावलेले येतात. तो आकडा उगाच खाली आणू नये.

हे सगळं घरीच तपासता येतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा तो आकडा 3200 आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त जुना 75 वॉटचा पंखा लावला, तर मिनिटाला चार लुकलुकी दिसतील. 2000 वॉटचा गीझर लावला तर शंभराच्या वर, मोजता मोजता दमछाक होईल. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर कुठला तरी प्लग चालूच राहिला आहे.

आता दराकडे येऊ. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात, आणि पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो. 100 ओलांडले की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तो फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातलं असतं, आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्कही वाचतं. महिन्याला 320 युनिटं जाळणाऱ्या घराने रोज दहा तास फिरणारे दोन जुने पंखे काढून 30 वॉटचे बीएलडीसी पंखे लावले, तर 27 युनिटं कमी होतात. त्यातली पहिली वीस 300 च्या वरच्या दराची असतात.