कांद्याची साठवण : उष्णतामान, श्वसन आणि कोंब

शेतातून काढलेला कांदा निर्जीव नसतो. पात सुकली, मान आवळली व मुळे वाळली, तरी गड्ड्याच्या पेशींचे श्वसन चालूच राहते. प्राणवायू घेऊन साखर जाळावयाची आणि कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकावयाची, असा हा व्यापार होय. परिणामी गड्ड्याचे वजन घटत जाते. शून्य अंश सेंटिग्रेडला एक किलो कांदा तासाला सुमारे ३ मिलिग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. २० अंशांना हेच प्रमाण सुमारे ८ मिलिग्रॅमवर जाते.

यावरून उष्णतामान जितके अधिक तितका कोंबही लवकर, असे अनुमान कोणीही काढील. परंतु ते खरे नव्हे. कोंब येण्याचे प्रमाण १० ते २० अंशांच्या दरम्यान सर्वाधिक असते. शून्याजवळ ते मंदावते, तसेच २५ ते ३० अंशांनाही मंदावते. काढणीनंतर गड्डा काही काळ सुप्तावस्थेत असतो. मध्यम गारव्यात ही अवस्था लवकर संपते. आतील अंकुर वाढीस लागतो आणि त्याच्या पोषणार्थ श्वसनही वाढते. कडक थंडीत अंकुराची वाढच खुंटते, तर उबेत सुप्तावस्था लांबते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने यांपैकी उबेचा मार्ग पत्करला. नाशिक जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत निघणारा उन्हाळी कांदा चाळीत भरतात. चाळीचा तळ जमिनीपासून उंच व बाजू फटींच्या असल्याने वारा खेळता राहतो. मात्र दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागतात, आणि त्याच वेळी सुप्तावस्थाही सरत आलेली असते. भाव चढेल या आशेने राखलेला माल अशा वेळी कोंब फुटून हातचा जातो. शीतगृहात हे टळते. परंतु तेथून बाहेर काढलेल्या कांद्यावर दव जमते आणि कोंबही त्वरेने येतो. लासलगाव येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या प्रकल्पात गॅमा किरणांनी अंकुराची वाढ रोखली जाते. तथापि, सड व वजनातील घट यांवर हा उपाय नव्हे.

वसई तालुक्यातील सातिवलीसारख्या गावी प्रश्नाचे रूप पालटते. पावसाळ्यात तेथील उष्णतामान बहुधा कोंबास प्रतिकूलच असते. परंतु ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्यास मानवते, आणि कोकणातील पावसाळी हवा त्याहून पुष्कळच दमट असते. अशा हवेत गड्ड्यास मुळे फुटतात, बुरशी धरते व सड लागते. पावसाळ्याच्या बेगमीसाठी कांद्याच्या माळा आढ्याला टांगण्याच्या कोकणातील रीतीचे मर्म येथे कळते. माळेतील प्रत्येक गड्ड्यास वारा लागतो, आणि चुलीच्या उबेने तो कोरडा राहतो. याउलट घरगुती शीतकपाटातील हवा कोंब पुरता रोखण्याइतकी थंड नसते, शिवाय ती दमटही असते. सारांश, कांदा राखावयाचा तर उष्णतामानाइतकाच कोरड्या, खेळत्या हवेचाही विचार केला पाहिजे.