नवा क्लच सुटेना? आधी मोजा, मग खोला

गाडीचा क्लच गेलेला असतो. नागपूरहून नवा सेट येतो. मिस्त्री दीड दिवस खपून गिअरबॉक्स उतरवतो, नवी प्लेट बसवतो आणि सगळे पुन्हा जोडतो. गाडी सुरू करून क्लच दाबला जातो, गिअर टाकायला हात जातो आणि आवाज येतो, 'कर्रर्र'. पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्स तर अजिबातच नाही. मालक म्हणतो, "मिस्त्री, दुकानदारानं प्लेटच खराब दिली वाटते जी." मिस्त्री कपाळाचा घाम पुसत म्हणतो, "काका, पुन्हा खोलून पाहावं लागते."

वर्धा असो, हिंगणघाट असो, आर्वी असो की पुलगाव, गॅरेजमध्ये हा संवाद नवा नाही. पण 'पुन्हा खोलू' हा निर्णय खरे तर सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. त्यात मालकाचे पैसे आणि दिवस जातात, हे सगळ्यांनाच दिसते. गाडीखाली झोपलेल्या माणसाची पाठ आणि फुप्फुसेही त्यात खर्ची पडतात, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून नवा क्लच सुटत नसेल तर बाहेरून काय काय तपासता येते, हे मालक आणि मिस्त्री दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

सगळा खेळ दीड-दोन मिलिमीटरचा

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती फिरत असते. तिला लागून क्लच प्लेट आणि तिच्या मागे प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटमधली थाळीसारखी स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून ठेवते. या घर्षणामुळेच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे आणि तिथून चाकांकडे जाते.

आपण पेडल दाबतो तेव्हा तार किंवा तेलाचा दाब एका फोर्कला ढकलतो. फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सरकवतो, बेअरिंग त्या स्प्रिंगच्या मधल्या बोटांवर दाब देते आणि प्रेशर प्लेट मागे हटते. क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन फिरत राहिले तरी गिअरबॉक्सकडे ताकद जात नाही.

आता मापे पाहा. पायाखालचे पेडल साधारण १२ ते १५ सेंटिमीटर खाली जाते. तरफेच्या तत्त्वाने ताकद वाढते, पण अंतर घटते. रिलीज बेअरिंग जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास सरकते आणि प्रेशर प्लेट तर दीड-दोन मिलिमीटरच मागे हटते. तेवढी फट प्लेटच्या दोन बाजूंत वाटली जाते. म्हणजे प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. पेडलवर दोन-तीन सेंटिमीटर वाया गेले किंवा प्लेट मिलिमीटरभर वाकलेली असली, की ही फट संपलीच. सगळे भाग नवे असूनही क्लच सुटत नाही, तो यामुळे.

आधी दोष कुठला ते ठरवा

पहिली तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत गिअर सहज पडतात आणि सुरू गाडीत पडत नाहीत, तर दोष क्लच सुटण्याचा आहे. बंद गाडीतही गिअर पडत नसतील तर आधी गिअरची दांडी, तिच्या तारा किंवा गिअरबॉक्स तपासावा लागेल. क्लचला उगाच दोष देऊ नका.

दुसरी तपासणी इंजिन सुरू ठेवून करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर आणि समोर-मागे कोणीही उभे नाही, याची खात्री करा. क्लच पूर्ण दाबून आठ-दहा सेकंद थांबा आणि मग हलक्या हाताने रिव्हर्स टाकायचा प्रयत्न करा. क्लच नीट सुटला असेल तर गिअरबॉक्सचा आतला दांडा एवढ्या वेळात थांबतो. थांबूनही दाते कर्रकर्र वाजत असतील तर प्लेट कुठेतरी घासते आहे. जोर लावून गिअर कोंबू नका. त्याने गिअरचे दातेच खराब होतात.

तिसरी तपासणी तेलावर चालणाऱ्या क्लचसाठी आहे. पेडल भराभर पाच-सहा वेळा दाबा आणि लगेच गिअर टाकून पाहा. असे केल्यावर गिअर पडू लागला, तर नळीत हवा आहे किंवा सिलिंडरचा रबर दाब धरत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाची सगळी मेहनत हवेचा बुडबुडा आकसण्यात जाते. क्लच बदलताना सिलिंडर सुटा केला असेल तर हवा शिरण्याची शक्यता मोठी. हवा काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. टाकीत मात्र पुस्तकात सांगितलेले ब्रेक फ्लुइडच घाला. इंजिन ऑइल घातले तर रबर फुगतात आणि सगळी यंत्रणाच बिघडते. उघड्या डब्यातले जुने फ्लुइडही नको, कारण ते हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे लक्षात ठेवायलाच हवे.

तारेच्या क्लचमधली नेहमीची चूक

अनेक लहान गाड्यांत क्लच तारेवर चालतो. तिथे एक साधी गोष्ट विसरली जाते. जुनी प्लेट झिजून पातळ झालेली असते. ती झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने सरकत येतात आणि त्यानुसार मिस्त्रीने वेळोवेळी तार ढिली केलेली असते. नवी प्लेट जाड असते. ती बसवल्यावर बोटे पुन्हा मागे, फ्लायव्हीलकडे जातात. तार मात्र जुन्याच मापावर राहते. मग पेडलचा बराच प्रवास नुसता ढिलाई काढण्यात जातो आणि क्लच सुटायच्या आधीच पेडल फरशीला टेकते.

इलाज म्हणजे तारेचे नट फिरवून पेडलची मोकळी चाल पुस्तकात दिलेल्या मापावर आणणे. बऱ्याच गाड्यांत ती एक-दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटे. मात्र गिअर पडावा म्हणून तार गरजेपेक्षा जास्त ताणू नका. मग बेअरिंग सतत दाबलेले राहते, क्लच घसरतो आणि नवी प्लेटही लवकर जळते. तार आपोआप ताणणारी सोय असलेल्या गाड्यांत ती सोय नीट काम करते का, तेही पाहा.

आणि हो, पेडलखालचा पायपुसणा आधी बाजूला करा. जाड मॅटमुळे पेडल दोन सेंटिमीटर कमी दाबले जाते आणि माणसे गिअरबॉक्स खोलायला निघतात.

फोर्क किती सरकला?

एवढे करूनही क्लच सुटत नसेल तर पट्टी घ्या. इंजिन बंद, चाकांना दगड किंवा लाकडी गुटके, आणि गाडी उचललेली असेल तर ती नुसत्या जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर. एकाने पेडल पूर्ण दाबायचे, दुसऱ्याने फोर्कची बाहेरची दांडी किती सरकते ते मोजायचे. इंजिन सुरू ठेवून कोणालाही गाडीखाली पाठवू नका. क्लच सुटत नसलेली गाडी एका चुकीच्या हालचालीने अंगावर येऊ शकते.

दांडी मापापेक्षा कमी सरकत असेल तर दोष बाहेर आहे. तार, पेडलची झिजलेली पिन, वाकलेला कंस, सिलिंडर किंवा हवा, यांपैकी काहीतरी. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. दांडी पुरेशी सरकूनही क्लच सुटत नसेल, तरच दोष आत आहे. काही नव्या गाड्यांत सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगभोवतीच असतो. तिथे दांडी दिसत नाही, म्हणून हवा काढण्याचे काम आधी दोनदा तरी नीट करून पाहावे.

आतल्या दोषांची यादीही छोटीच आहे. प्लेट उलटी बसली, तर तिच्या मधला फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो. प्लेटवर बाजू लिहिलेली असते, ती वाचायची. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटच्या मधल्या भागावर लटकला, किंवा तो सरळ बसायच्या आधीच बोल्ट आवळून ओढला, तर प्लेट वाकते. दुसऱ्या मॉडेलची प्लेट एका नजरेत सारखीच दिसते, पण जाडी किंवा दाते वेगळे असतात. बसवण्याआधी जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून पाहिली असती तर हे कळले असते. दांड्याचे दाते कोरडे किंवा खराब असतील तर प्लेट मागे-पुढे सरकत नाही. तिथे ग्रीसचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त लावले तर ते उडून प्लेटवर जाते. फोर्क त्याच्या टेकूवरून निसटणे आणि फ्लायव्हील खरडून जास्त पातळ होणे, ही आणखी दोन कारणे. फ्लायव्हील पातळ झाले की सगळा क्लच पुढे सरकतो आणि बेअरिंगची चाल अपुरी पडते.

म्हणजे खोलावे लागलेच तरी मिस्त्री काय शोधायला आत जातो आहे, हे त्याला आधीच माहीत असते. मग तिसऱ्यांदा खोलायची वेळ येत नाही.

खोलण्याची खरी किंमत

लहान गाडीचा गिअरबॉक्स तीस-चाळीस किलोच्या घरात जातो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गॅरेजमध्ये तो छातीवर घेऊन उतरवला जातो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, पत्र्याच्या शेडखाली हे काम करणाऱ्याच्या कमरेचा विचार करा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतही नाही. क्लच झिजतो तेव्हा त्याची भुकटी बेलच्या आकाराच्या त्या डब्यात साठते. जुन्या काळी क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरला जाई. भारतात त्यावर संपूर्ण बंदी आजही नाही. त्यामुळे जुन्या गाडीतली किंवा बिननावाच्या स्वस्त सुट्या भागातली भुकटी निर्धोक आहे, असे धरून चालता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुप्फुस कडक करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हे त्याचे आजार. ते लगेच दिसत नाहीत. तंतू शरीरात गेल्यानंतर वीस, तीस, चाळीस वर्षांनीही आजार उभा राहू शकतो. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेशही त्या निकालात आहे. तो निकाल कारखान्यांपुरता होता. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये अशी नोंद कोण ठेवणार? तिथे सवयीच कामी येतात.

पहिली सवय म्हणजे ती भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही आणि कोरड्या ब्रशने झटकायचीही नाही. हवेचा एक फवारा मारला की भुकटी गॅरेजभर पसरते आणि हाताखाली काम शिकणाऱ्या पोराच्या छातीत जाते. पाण्यात थोडा साबण घालून ती आधी ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. तोंडाला बांधलेला रुमाल असले तंतू अडवत नाही. चांगला, घट्ट बसणारा मास्क वापरावा, पण मास्क लावला म्हणून भुकटी उडवायला मोकळीक मिळते असे नाही. कामाचे कपडे घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. हात धुतल्याशिवाय चहा, खर्रा, बिडी काहीच नको.

गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला खोकला रेंगाळत असेल किंवा चढ चढताना दम लागत असेल, तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नये. "वीस वर्षं क्लच-ब्रेकचं काम केलं" हेही सांगावे. रोगाचा माग काढायला ती माहिती लागते.

मालकाच्या हाती काय?

क्लच सुटत नसलेली गाडी 'हळूहळू घरी नेतो' म्हणून रस्त्यावर काढू नका. गाडी गिअरमध्ये असताना सुरू केली तर ती उडी मारून पुढे जाते, पेडल दाबलेले असले तरीही. जामच्या चौकात थांबायची वेळ आली आणि क्लच सुटला नाही, तर इंजिन बंद पडते आणि मागून ट्रक येत असतो.

मिस्त्रीला घाईही करू नका. "उद्या सकाळी गाडी पाहिजेच" या एका वाक्याने बरेचसे गिअरबॉक्स वाकडे चढतात. तपासणीत गेलेल्या तासाचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. तो तास गिअरबॉक्स उतरवण्याच्या दिवसापेक्षा स्वस्तच पडतो. आणि "पुन्हा खोलावं लागते" असे ऐकले, तर भांडण्याआधी एकच प्रश्न विचारा, "भाऊ, फोर्क किती सरकला ते मोजलं का?" मोजले असेल तर निश्चिंत मनाने खोलू द्या. नसेल तर पट्टी आणा आणि पेडलवर पाय ठेवायला तुम्हीच बसा.