दहा बाय चारच्या फ्लेक्सवरचं नाव

गडमुडशिंगीत फ्लेक्सच्या दुकानात बसलं की कुणाचा वाढदिवस आणि कुणाचं लग्न हे गावाआधी कळतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. एका पोराला स्वतःचं नाव इन्स्टाग्रामवर आहे तसंच वळणदार इंग्रजीत हवं होतं आणि खाली गावाचं नाव मराठीत, त्याच वळणात. "दादा, हेच कॉपी करून टाका की." ऑपरेटरनं चिकटवलं. नावाच्या जागी रिकामे चौकोन उमटले. "कॉपी हुतंय रे, छापाय नको का?"

मुळात इन्स्टावरचं ते वळण म्हणजे फाँट नव्हताच. गणितात ठळक, तिरप्या, वळणदार अक्षरांचे अर्थ वेगवेगळे असतात, म्हणून २००१ साली युनिकोड ३.१ मध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेत देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ती स्वतंत्र चिन्हं म्हणून घेतली गेली. इन्स्टाची सजावट हीच चिन्हं उसनी घेऊन चालते. निवडलेल्या फाँटमध्ये ती नसली की चौकोन. अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तर अशा नावातलं एकेक अक्षर गणिती चिन्ह म्हणून उच्चारतं, नाहीतर गाळतं.

आणि मराठीसाठी ही सोय नाहीच. गणितवाल्यांनी ग, ड कधी मागितले नाहीत. 'गडमुडशिंगी'त डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात, संगणक मात्र दहा संकेत साठवतो. 'शिं'मध्ये श आधी, मग वेलांटी, मग अनुस्वार. वेलांटी श च्या अलीकडे नेऊन बसवायची, तिचा फाटा कुठवर ताणायचा, जोडाक्षर कसं जुळवायचं, हे सगळं रूप फाँट आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर ठरवतं. काही फाँटांत भाषा 'मराठी' निवडली की मराठी वळणाचे ल आणि श सुद्धा मिळतात. तेव्हा देवनागरीत नटायचं तर फाँट बदलायचा, दुसरी वाट नाही.

पण इथं जुनी अडचण आडवी येते. दुकानातले ठसठशीत फाँट बहुतेक युनिकोडपूर्व जमान्यातले. त्यांत वेलांटी आधी, श नंतर, आणि तेही इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून. फाँट असलेल्या संगणकावर झकास दिसतं, दुसरीकडे उघडलं की इंग्रजी कचरा. म्हणून ऑपरेटर फाइल छपाईला धाडताना 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं. फ्लेक्स बिनघोर छापला जातो, पण पुढच्या वर्षी त्यातलं एक नावही बदलता येत नाही, सगळं पुन्हा टाइप.

ऑपरेटरनं शेवटी मजकूर साध्या युनिकोडमध्ये घेतला आणि गावाच्या नावाला 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा जाडजूड 'मोदक' लावला. हा फाँट फुकट मिळतो, युनिकोडवर चालतो. माझ्या मते वाढदिवसाला याहून शोभिवंत काही नको. इंग्रजी नावाला वळणदार फाँट वेगळा निवडला. पोरगं खूश.

पत्रिका किंवा फ्लेक्स करायला जाल तेव्हा मजकूर साधा टाइप करून द्या, नटवायचं काम फाँटवर सोडा, आणि कर्व्ह करण्याआधीची फाइल मागून ठेवा.