क्लच प्लेट गेली म्हणजे कुठे गेली?

मुलांनो, गॅरेजपाशी उभं राहिलात तर "क्लच प्लेट गेली हो!" हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. आता ती गेली कुठे, ते पाहू या.

लातूर जिल्ह्यातल्या देवणी गाई तुम्हाला ठाऊक असतील. तिकडच्या आणि नांदेडकडच्या खेड्यांतून दूध शहरात नेणाऱ्यांची जुनी लाडकी गाडी म्हणजे राजदूत. पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९६० च्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. आता ती क्वचितच दिसते, पण दिसली की आवाजावरून ओळखू येते! मागे दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावले, तर नुसतं दूधच ८२ किलोच्या वर भरतं. त्यात नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात आणि लातूर बालाघाटच्या पठारावर. म्हणजे तिकडे जायचं तर एकूण चढच. अशा चढावर क्लच घसरू लागला की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. एप्रिलच्या उन्हात कॅनमधलं दूध थोडंच थांबणार? ते नासलं की दिवसाची कमाई गेली.

क्लच काय करतो, हे पाहायला दोन वह्या घ्या. त्यांची पानं एकाआड एक गुंफा, वरून हाताने दाबा आणि भावंडाला ओढायला सांगा. सुटत नाहीत ना? क्लचमध्येही असंच असतं. एक प्लेट इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी गिअरकडे जाणारी, अशा त्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. डाव्या हाताने लिव्हर दाबली की दाब सुटतो आणि इंजिन मोकळं होतं. लिव्हर हळूहळू सोडताना प्लेटा थोड्या घसरतात, म्हणून तर गाडी हिसका न देता निघते. मात्र हे घसरणं क्षणभराचंच हवं. अर्धवट दाबलेल्या क्लचवर चढ चढलात तर प्लेटा तापतात, झिजतात आणि "जातात".

जुन्या बऱ्याच गाड्यांत या प्लेटांवर बूच लावलेलं असे. ते स्पेन-पोर्तुगालकडच्या एका ओक झाडाच्या सालीचं. आपल्याकडचं पांढऱ्या सुवासिक फुलांचं बुचाचं झाड वेगळं बरं का!

क्लच उघडल्यावर चांगला मिस्त्री लगेच नव्या प्लेटा घालत नाही. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून तो पाहतो, वाकली तर नाही ना. सगळ्या स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करतो. बसलेली स्प्रिंग बुटकी दिसते. प्लेटांचे कान ज्या खाचांत बसतात, तिथे खड्डे पडले असतील तर कानशीने हलकेच सपाट करतो. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवतो.

ओझं जास्त म्हणून क्लच जोरदार करायचा असेल, तर बरेच जण कडक स्प्रिंगा टाकतात. स्वस्त पडतं, पण मला हा उपाय पटत नाही. स्प्रिंग सव्वापट कडक, तर हातालाही जवळजवळ सव्वापट जोर! बाजारातल्या गर्दीत दर दहा पावलांवर क्लच दाबून पाहा म्हणजे कळेल. त्यापेक्षा घासणाऱ्या चार प्लेटांच्या जागी पाच बसवता आल्या, तर आठाऐवजी दहा बाजू घासतात. पकड तितकीच सव्वापट वाढते आणि हाताला त्रास नाही. अर्थात आत तेवढी जागा हवी, आणि त्या गाडीला बसणाऱ्या प्लेटा मिळायला हव्यात.

पालकांसाठी दोन गोष्टी. क्लच तेलात बुडालेला असेल तर मोटारीचं इंजिन ऑइल त्यात ओतू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी नव्या प्लेटाही घसरू शकतात. आणि लिव्हरला थोडा 'प्ले' ठेवा. क्लच वायर ताणलेली राहिली तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत. कित्येकदा प्लेट गेलेली नसते, नुसती वायर ढिली केली की काम होतं. म्हणून झाकण उघडण्याआधी मिस्त्रींना आधी तेवढं पाहायला सांगा.