कुसळी गवत

कुसळी (शास्त्रीय नाव: ॲरिस्टिडा फ्युनिक्युलाटा) हे तृणकुलातील (पोएसी) एक वर्षायू रानगवत आहे. पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांतील माळरानांवर ते आढळते. मराठीत ‘कुसळी’ हे नाव एकाहून अधिक गवतांना दिले जाते. या गवतांवरून जमिनीची अवस्था कळत असल्याने त्यांची नेमकी ओळख महत्त्वाची ठरते.

वर्णन

बी पावसाळ्याच्या आरंभी रुजते, पावसाळा सरताना फुलोरा येतो आणि हिवाळ्यात रोप वाळून मरते. रोप झुबक्याने वाढते व साधारणतः १५ ते ४० सेंमी. उंच होते. पाने अरुंद असतात. दाण्याच्या वरच्या टोकाला पीळदार दांडा असून त्याला तीन लांब कुसळे फुटतात. या पिळावरूनच ‘बारीक दोरी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जातिनाम आले आहे. दाण्याचे बूड टोकदार व केसाळ असते.

ओळख

एक सुटा दाणा तळहातावर घेऊन पाहावा. कुसळ एकच, जाड व तपकिरी असेल, तर ते हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस हे बहुवर्षायू कुसळी गवत होय. त्याची कुसळे एकमेकांत गुंतून दोरीसारखी होतात. कुसळे तीन असूनही खाली पीळदार दांडा नसेल, तर ते ॲरिस्टिडा ॲडसेन्शनिस असण्याचा संभव असतो. त्यात कणिशकाचे खालचे तुष (बाहेरील आवरण) वरच्या तुषापेक्षा आखूड असते, तर ॲरिस्टिडा फ्युनिक्युलाटामध्ये ते लांब असते.

अधिवास

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कुसळी उथळ, मुरमाड व खडकाळ जमिनीवर वाढते. अतिचराईने बहुवर्षायू गवते हटली की तिचे प्रमाण वाढते. म्हणून तिची दाटी हे कुरण खालावल्याचे लक्षण मानले जाते.

चराई व संवर्धन

कोवळेपणी मेंढ्या हे गवत खातात. पुढे मात्र कुसळे लोकरीत अडकतात व तोंडाला, डोळ्यांना आणि कातडीला इजा करतात. त्यामुळे चराई कुसळे धरण्यापूर्वी करणे हितावह असते.

या माळरानांवर चिंकारा, लांडगा, खोकड व चंडोल आढळतात. सुपे (बारामती) येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले; त्याचे क्षेत्र सुमारे ५.१४ चौ. किमी. आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरानही चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. माळ ‘पडीक’ समजून नांगरल्यास किंवा त्यावर दाट वृक्षलागवड केल्यास गवतांबरोबर या प्राण्यांचाही आसरा नष्ट होतो.