कार्ब्युरेटरमधील इंधनातिरेक
कार्ब्युरेटरमधील इंधनातिरेक : प्लवकपात्रातील पेट्रोलची पातळी मर्यादेपेक्षा वर जाऊन ते एंजिनात वाजवीपेक्षा अधिक शिरणे किंवा बाहेर ओघळणे. कारागीर यालाच ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या व उत्पादन २००० च्या सुमारास बंद झालेल्या प्रीमिअर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत हा दोष आढळतो.

पात्र भरले की प्लवक उचलला जातो व सूची-झडप पेट्रोलची वाट बंद करते. पंप मात्र या झडपेवर सतत दाब देत असतो. यांत्रिक पंपाचा दाब बहुधा दर चौ. सेंमी.ला ०·२ ते ०·३ किग्रॅ. असतो. झडपेच्या बैठकीत कचरा अडकला, प्लवकाला छिद्र पडून तो बुडाला किंवा पंपाचा दाब वाढला, तर पातळी आवरत नाही. काळा धूर, पेट्रोलचा वास व ओले, काजळलेले स्पार्क प्लग ही याची लक्षणे होत.

पुष्कळदा दोष पंपाच्या माथी मारून तो बदलला जातो. हा खर्च बहुधा वाया जातो. पंप व कार्ब्युरेटर यांमधील नळीत दाबमापक जोडून एंजिन मंद गतीने चालवावे. दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असल्यास दोष झडपेत वा प्लवकात शोधावा. अधिक असल्यास पंपाची स्प्रिंग तपासावी. नळी सोडविताना सांडलेले पेट्रोल तापलेल्या निष्कास-नळीवर पडल्यास आग लागते. म्हणून एंजिन थंड होऊ द्यावे.

प्रत्येक ओला प्लग म्हणजे हा दोष नव्हे. निफाडकडील हिवाळ्याच्या कडाक्यात चोक फार वेळ ओढून ठेवला, तरी प्लग भिजतात. अशा वेळी चोक बंद करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरविला म्हणजे पुरते. उन्हाळ्यात कसारा घाट चढून इगतपुरीस थांबविलेल्या गाडीत तप्त एंजिनाच्या उष्णतेने पात्रातील पेट्रोल उकळून आत उतरते व गाडी पुन्हा चालू होत नाही. घाटातच एंजिन गुदमरले, तर मात्र प्रकार उलटा असतो : नळीत किंवा पंपात वाफ होऊन पुरवठा तुटतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा उपाय येथे योग्यच आहे.

पंपाचे पटल फाटल्यास दाब घटतो आणि पेट्रोल तेलपात्रात उतरून वंगण पातळ होते. तेलाच्या मापकांडीस पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी चालवू नये. २०२५ पर्यंत देशभर रूढ झालेल्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे जुन्या रबराची पटले व नळ्या लवकर खराब होऊ शकतात. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे सुटे भाग वापरणे इष्ट ठरते.